हातांनी शिकावयाचे विज्ञान
कोलकात्याचे विज्ञान संग्रहालय आणि शाळकरी मुले

विज्ञान हा विषय पुस्तकावरून पाठ करता येतो, आणि पुष्कळ शाळांतून तो तसाच शिकविला जातो. उपकरणांच्या कपाटाला कुलूप असते. वर्षातून एकदोन वेळा ते उघडते, शिक्षक टेबलावर एखादा प्रयोग करून दाखवितात आणि पन्नास-साठ मुले तो दुरून पाहतात. परीक्षेत आकृती काढावी लागते, म्हणून आकृती तेवढी पाठ होते. अशा रीतीने शिकलेल्या मुलाला विज्ञानातील विधाने सांगता येतात. परंतु ती खरी कशावरून, असे विचारले तर ‘पुस्तकात तसे दिले आहे’ ह्यापलीकडे त्याच्याजवळ उत्तर नसते. ज्या शास्त्राचा सारा भर स्वतः पडताळून पाहण्यावर आहे, ते शास्त्र केवळ दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून शिकावे लागावे, ही मोठी विसंगती होय.

ही विसंगती दूर करण्याचा एक दीर्घ आणि चिकाटीचा प्रयत्न कोलकाता शहरात झाला आहे. स्वतः करून शिकणे ह्याला बंगाली भाषेत ‘हाते-कलमे’ शिकणे असे म्हणतात. हात आणि लेखणी ही दोन्ही विद्येची साधने आहेत आणि त्यांत हाताचे नाव आधी आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शाळकरी मुलाच्या हाती उपकरण द्यावे आणि निसर्गाला प्रश्न विचारण्याची संधी त्याला मिळवून द्यावी, हा विचार ह्या शहरात कसा रुजला व त्यातून काय निष्पन्न झाले, ह्याची माहिती शिक्षकांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल.

प्रयोग लोकांसमोर आला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्ता ही ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होती. फादर यूजीन लाफाँ हे बेल्जियमचे जेझुइट धर्मगुरू १८६५ साली ह्या शहरात आले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागले. त्यांनी तेथे प्रयोगशाळा उभारली, आणि वर्गातील विद्यार्थ्यांबरोबरच सामान्य नागरिकांनाही उपकरणांच्या साहाय्याने व्याख्याने देण्याचा प्रघात पाडला. पुढे जगद्विख्यात झालेले जगदीशचंद्र बसू हे त्यांचेच विद्यार्थी.

त्याच सुमारास डॉक्टर महेंद्रलाल सरकार ह्यांनी नागरिकांकडून वर्गणी जमवून १८७६ साली ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापन केली. भारतीयांनी विज्ञान नुसते ऐकू नये, ते आपल्या हातांनी करावे, अशी त्यांची इच्छा होती. ह्या कार्यात फादर लाफाँ ह्यांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. व्याख्याने होत राहिली. परंतु संस्थेच्या प्रयोगशाळेत अखंड संशोधन करणारा मनुष्य महेंद्रलाल ह्यांच्या हयातीत मिळाला नाही. १९०४ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०७ साली, सरकारी हिशेब खात्यात नोकरीस लागलेले एक तरुण अधिकारी कलकत्त्यास आले आणि कचेरीच्या वेळेआधी व नंतर तेथे प्रयोग करू लागले. हे चंद्रशेखर व्यंकट रामन होत. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रसिद्धीस आलेला त्यांचा प्रकाशविषयक शोध ह्याच प्रयोगशाळेतील असून, त्याला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. सूर्यप्रकाश, भिंगे, रंगीत गाळण्या आणि एक लहान वर्णपटदर्शक एवढ्या साध्या साधनांनी त्या शोधाचा आरंभ झाला होता. आज २८ फेब्रुवारी हा दिवस देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

जगदीशचंद्र बसूंचे उदाहरण तितकेच बोलके आहे. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांना सुसज्ज प्रयोगशाळा लाभली नाही. पत्र्याची कामे करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून त्यांनी आपली उपकरणे घडविली, आणि त्या उपकरणांच्या योगे अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्‌लहरी निर्माण केल्या. १८९५ च्या सुमारास भरसभेत त्यांनी ह्या अदृश्य लहरींकडून दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखविली.

ह्या सर्व थोर पुरुषांच्या कथांत एक समान सूत्र आढळते. त्यांच्यापाशी साधने थोडी होती. परंतु जी होती ती कपाटात बंद नव्हती.

गुरुसदय मार्गावरील घर

स्वातंत्र्यानंतर देशात कारखाने, धरणे आणि वीजकेंद्रे उभी राहू लागली. यंत्रे चालविणारी पिढी तयार करावयाची, तर मुलांना यंत्राची भीती वाटता कामा नये. कलकत्त्यातील बिर्ला कुटुंबाचे गुरुसदय मार्गावरील प्रशस्त निवासस्थान घनश्यामदास बिर्ला ह्यांनी राष्ट्राला दिले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या आधिपत्याखाली तेथे ‘बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय’ उभारण्यात आले, आणि २ मे १९५९ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री हुमायून कबीर ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

संग्रहालय म्हटले की काचेच्या पेटीतील जुन्या वस्तू आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी डोळ्यांपुढे येते. युरोपात ही कल्पना आधीच बदलू लागली होती. म्यूनिच येथे १९०३ साली स्थापन झालेल्या जर्मन संग्रहालयात यंत्रे चालू स्थितीत दाखविण्याची प्रथा पडली. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९३१ साली मुलांसाठी स्वतंत्र दालन उघडले. पॅरिस येथे १९३७ साली प्रत्यक्ष प्रयोग दाखविणारे ‘शोधमंदिर’ सुरू झाले. कलकत्त्याच्या संग्रहालयाने हाच मार्ग धरला. वीज, धातू, चालकशक्ती इत्यादी विषयांची दालने तेथे तयार झाली. भिंतीवरील माहितीपेक्षा समोरील यंत्र हलवून पाहण्याला त्यांत महत्त्व होते. पुढे संग्रहालयात कोळशाच्या खाणीची एक मोठी प्रतिकृतीही उभारण्यात आली. राणीगंजच्या परिसरातून कोळसा निघतो हे बंगालमधील प्रत्येक मुलाने भूगोलात वाचलेले असते. परंतु खाणीतील बोगद्याची अरुंद वाट, छताला दिलेले आधार आणि तेथील अंधार ह्यांची कल्पना त्याला ह्या प्रतिकृतीत शिरल्यावरच येते.

दांडा जड का होतो?

हाताने शिकण्यात असे काय आहे की जे डोळ्यांनी वाचून मिळत नाही? ह्याचे उत्तर एका साध्या मांडणीवरून देता येईल. अशा संग्रहालयांतून ती नेहमी आढळते. एका लहान जनित्राला हाताने फिरवावयाचा दांडा बसविलेला असतो. जनित्राला काही दिवे जोडलेले असतात व प्रत्येक दिव्याला स्वतंत्र बटण असते.

सर्व दिवे बंद असताना मूल दांडा फिरविते, तेव्हा तो हलका फिरतो. एक दिवा चालू केला की दिवा उजळतो, आणि त्याच क्षणी दांडा किंचित जड झाल्याचे हाताला जाणवते. दुसरा, तिसरा, चौथा दिवा लावावा, तसतसा दांडा अधिकाधिक जड होत जातो. सर्व दिवे एकदम बंद केले की तो पुन्हा एकाएकी हलका होतो. यंत्रात तर काहीच बदललेले दिसत नाही. चाक तेच, दांडा तोच. मग हा भार आला कोठून?

ह्या प्रश्नाचे उत्तर विद्युत्‌शास्त्राच्या मुळाशी नेते. तारेचे वेटोळे लोहचुंबकाच्या क्षेत्रात फिरले म्हणजे तारेत विद्युत्प्रवाह निर्माण करण्याची प्रेरणा उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे ह्यांनी १८३१ साली दाखवून दिले. दिवा बंद असतो तेव्हा मंडल तुटलेले असते, म्हणून प्रवाह वाहत नाही व हाताला केवळ घर्षणाचा विरोध जाणवतो. दिवा लावताच प्रवाह वाहू लागतो. प्रवाह वाहणारे वेटोळे स्वतःच एक चुंबक बनते, आणि ज्या गतीमुळे तो प्रवाह निर्माण झाला त्याच गतीला ते विरोध करते. हा नियम हाइन्रिख लेंझ ह्यांनी १८३४ साली मांडला. जितके दिवे अधिक तितका प्रवाह अधिक, आणि जितका प्रवाह अधिक तितका विरोध अधिक.

लेंझचा नियम पुस्तकात दोन ओळींत सांगितलेला असतो. विद्यार्थी त्या दोन ओळी पाठ करतो व विसरतो. दांड्याचा भार मात्र त्याचा हात विसरत नाही. प्रकाश फुकट मिळत नाही, त्याची किंमत कोणाच्या तरी श्रमाने चुकती करावी लागते, हे शक्तीच्या अविनाशित्वाचे तत्त्व तो आपल्या मनगटात अनुभवितो.

थोडे गणित केले तर हा अनुभव आणखी अर्थपूर्ण होतो. हाताने दांडा फिरवून सुमारे ५० वॉट एवढी शक्तीही सामान्य मनुष्याला फार वेळ पुरविता येत नाही. घरातील मीटरवर जिची नोंद होते ती विजेची एक युनिट म्हणजे १,००० वॉट शक्ती एक तासभर वापरणे होय. मधली हानी मुळीच न धरता हिशेब केला, तरी एक युनिट वीज तयार करण्यासाठी ५० वॉट दराने तब्बल वीस तास दांडा फिरवावा लागेल. संध्याकाळी शहरातील दिवे लागतात, तेव्हा वीजकेंद्रातील प्रचंड जनित्रेही अशीच ‘जड’ होतात. फरक इतकाच की तेथे मुलाच्या हाताऐवजी वाफेचा जोर वाढवावा लागतो आणि त्यासाठी अधिक कोळसा जाळावा लागतो. खाणीची प्रतिकृती आणि हातजनित्र ह्या दोन निरनिराळ्या वस्तूंमधील नाते येथे मुलाच्या ध्यानात येते.

विज्ञान गावाकडे निघाले

शहरातील संग्रहालय कितीही चांगले असले तरी दूरच्या खेड्यातील मुलाला त्याचा उपयोग काय? रेल्वेचे भाडे, एक दिवसाचा खर्च आणि सोबत येणारा शिक्षक ह्या तिन्ही गोष्टी जुळून येणे कठीण असते. मुले संग्रहालयाकडे येऊ शकत नसतील तर संग्रहालयाने मुलांकडे जावे, असा विचार करून १९६५ साली कलकत्त्याच्या संग्रहालयाने फिरते विज्ञान प्रदर्शन सुरू केले. एका विषयाभोवती गुंफलेल्या मांडण्या गाडीतून गावोगावच्या शाळांत नेण्यात येऊ लागल्या.

आज अशा फिरत्या प्रदर्शनाच्या बसमध्ये सुमारे वीस मांडण्या असतात. गाडी एखाद्या शाळेच्या आवारात मुक्काम करते आणि आसपासच्या शाळांतील मुले तेथे येतात. रात्री दुर्बिणीतून आकाशदर्शन घडविले जाते, त्यात गावकरीही सामील होतात. शनीची कडी किंवा चंद्रावरील विवरे प्रथम पाहणाऱ्या शेतकऱ्याची जिज्ञासा त्याच्या मुलाहून कमी नसते, आणि घरातील मोठी माणसे विज्ञानाकडे आदराने पाहू लागली की मुलाचा अभ्यासही सुकर होतो.

फिरत्या प्रदर्शनाने मांडणी तयार करणाऱ्यांपुढे नव्या अडचणी उभ्या केल्या. कच्च्या रस्त्यावरील हादऱ्यांनी खिळखिळी न होणारी, विजेचा तुटवडा असला तरी चालणारी, शेकडो उत्सुक हातांनी दिवसभर फिरविली तरी न मोडणारी, आणि कोणालाही इजा न करणारी वस्तू तयार करणे सोपे नाही. दांड्याचा एक स्क्रू सैल झाला तर पुढच्या शाळेतील मुलांना तो प्रयोग पाहावयास मिळणार नाही. म्हणून अशा कार्यात कुशल सुतार, लोहार व वीजतंत्री ह्यांचे स्थान वैज्ञानिकाच्या बरोबरीचे असते. मांडण्यांची रचना, निर्मिती व प्रशिक्षण ह्यांसाठी कोलकात्याजवळील बिधाननगर येथे १९९३ साली एक केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण प्रयोगशाळाही सुरू करण्यात आली.

कोलकात्याहून इतरत्र

ह्या अनुभवाचा लाभ पुढे सर्व देशाला झाला. १९७८ साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद ही स्वायत्त संस्था स्थापन झाली व तिचे मुख्यालय कोलकात्यातच राहिले. पश्चिम बंगालमधील पुरुलिया ह्या मागासलेल्या जिल्ह्यात १९८२ साली जिल्हा विज्ञान केंद्र उघडले. १९९७ साली खुद्द कोलकात्यात ‘सायन्स सिटी’ हे विशाल केंद्र जनतेसाठी खुले झाले.

महाराष्ट्रातील वाचकांना मुंबईच्या वरळी भागातील नेहरू विज्ञान केंद्र परिचयाचे असेल. १९७९ ह्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात तेथे मोकळ्या जागेत मुलांसाठी विज्ञान उद्यान सुरू झाले, आणि १९८५ साली संपूर्ण केंद्राचे उद्घाटन झाले. नागपूरचे रामन विज्ञान केंद्र १९९२ साली व पणजीजवळ मिरामार येथील गोवा विज्ञान केंद्र २००१ साली सुरू झाले. कोलकात्यात नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या रामन ह्यांनी आपल्या नोकरीचा काही काळ नागपुरातही घालविला होता, हे येथे सांगितले पाहिजे.

मातृभाषेचा प्रश्नही ह्या कार्याशी निगडित आहे. आपल्या हातांनी जे घडले ते मुलाने आपल्याच शब्दांत सांगावे लागते. परक्या भाषेत ते बहुधा पुन्हा पाठांतर होऊन बसते. ख्यातनाम पदार्थवैज्ञानिक सत्येंद्रनाथ बसू ह्यांनी १९४८ साली कलकत्त्यात ‘बंगीय विज्ञान परिषद’ स्थापन केली, ती बंगाली भाषेतून विज्ञानाचा प्रसार करण्यासाठीच. महाराष्ट्रात तेच कार्य १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने हाती घेतले.

बटण दाबणे म्हणजे प्रयोग नव्हे

येथे एका धोक्याचाही विचार केला पाहिजे. शाळेची सहल संग्रहालयात येते, तिला दोन तासांचा अवधी असतो आणि पाहण्यासारख्या साठ मांडण्या असतात. म्हणजे प्रत्येक मांडणीला दोन मिनिटे. मुले धावत येतात, बटण दाबतात, दिवा लागला की ओरडतात आणि पुढच्या बटणाकडे धावतात. त्यांचे हात पुष्कळ हलतात, परंतु मन हलत नाही. अशा भेटीतून आनंद मिळतो, आणि तो आनंदही टाकाऊ नव्हे; पण त्याला विज्ञानशिक्षण म्हणता येणार नाही.

हालचालीचे रूपांतर प्रयोगात केव्हा होते? प्रथम मुलाने अंदाज बांधावा लागतो: चौथा दिवा लावला तर दांड्याचे काय होईल? नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. जे घडले ते अंदाजाशी ताडून पाहावे लागते. अंदाज चुकला तर पुन्हा करून पाहावे लागते. ह्या चार पायऱ्या असतील तर दोन रुपयांच्या दोऱ्यानेही विज्ञान शिकता येते, आणि त्या नसतील तर लाखो रुपयांचे यंत्रही खेळणे ठरते. चांगला मार्गदर्शक म्हणूनच मुलाला उत्तर सांगण्याची घाई करीत नाही. तो त्याला पुढचा प्रश्न विचारतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी विज्ञान केंद्रांनी दीर्घ मुदतीचे उपक्रम हाती घेतले. सुट्टीतील छंदवर्गांत मुले दुर्बिणी, विद्युत्‌मंडले व यंत्रांच्या प्रतिकृती स्वतः बनवितात. तेथे तार कापणे, डाख देणे, पेचकस धरणे ही कामे मुलालाच करावी लागतात. विज्ञान मेळाव्यांत विद्यार्थी आपले प्रयोग परीक्षकांपुढे मांडतात व त्यांच्या शंकांना उत्तरे देतात. शिक्षकांसाठीही प्रशिक्षणवर्ग चालतात, आणि ह्या सर्वांत तेच बहुधा अधिक फलदायी असतात. कारण एक विद्यार्थी घरी जाऊन एक प्रयोग करील, परंतु एक शिक्षक दरवर्षी नव्या वर्गाकडून तो करवून घेईल.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष देणे आवश्यक आहे. मुलामुलींचा गट प्रयोगास बसला की उपकरण बहुधा मुलांच्या हाती जाते व मुलींकडे वहीत नोंद करण्याचे काम येते. कित्येकदा गटातील धीट मूलच सर्व काही करते आणि बुजरे मूल पाहत राहते. प्रत्येकाच्या हाती आळीपाळीने उपकरण आले की नाही, हे पाहणे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

शाळेत व वाचनालयात काय करता येईल?

ज्या गावी विज्ञान केंद्र नाही व जेथे फिरते प्रदर्शन अजून पोहोचले नाही, तेथेही हे कार्य थांबण्याचे कारण नाही. उदाहरणार्थ, सव्वा मीटर मजबूत दोरा, एक दगड आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढ्यावर पुढील प्रयोग करता येतो.

दोऱ्याला दगड बांधून तो खिळ्याला टांगावा. खिळ्यापासून दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. दगड थोडासाच बाजूला ओढून सोडावा आणि वीस पूर्ण झोके मोजावेत. गेला व परत आला म्हणजे एक झोका. त्यास सुमारे २० सेकंद लागतील. आता दगडाऐवजी दुप्पट वजनाचा दगड बांधावयाचा आहे. तत्पूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहावा. जड दगड लवकर झोके घेईल असे पुष्कळ मुले लिहितील. अंतर तेच ठेवून पुन्हा मोजावे. वेळ तेवढाच भरेल.

ह्यानंतर अंतर चौपट, म्हणजे एक मीटर करावे. झोक्याला चौपट वेळ लागेल असे आता अनेकांना वाटेल. प्रत्यक्षात वीस झोक्यांना सुमारे ४० सेकंद, म्हणजे केवळ दुप्पट वेळ लागतो. वजनाने फरक पडला नाही, लांबीने पडला, पण अपेक्षेइतका नाही. असे का, हा प्रश्न आता मुले स्वतःच विचारतील, आणि त्या वेळी पुस्तकातील लंबकाचे सूत्र त्यांना रुक्ष वाटणार नाही.

सार्वजनिक वाचनालयेही ह्या कामी मोलाचे साहाय्य करू शकतील. विज्ञानाच्या पुस्तकांशेजारी एखाद्या पेटीत दोन लोहचुंबक, एक भिंग, थोडी तांब्याची तार, एक कप्पी व मोजपट्टी ठेवावी, आणि पुस्तकाप्रमाणेच ती पेटीही वाचकांना घरी नेऊ द्यावी. एखादी वस्तू मोडेल, एखादी हरवेल. तेवढी झीज सोसण्याची तयारी ठेवली पाहिजे. कुलुपातील उपकरण वर्षानुवर्षे अभंग राहते, परंतु त्यावर कोणीच काही शिकत नाही. मुलांच्या हाती पडून झिजलेले उपकरण मात्र आपले काम करून गेलेले असते.